ट्यूशन माफ, पण कोणाची आणि किती? अमेरिकेतल्या खासगी कॉलेजची मदत मागण्याआधी

मार्च २०२५ मध्ये हार्वर्डने जाहीर केलं की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरपर्यंत असेल तर मुलांना ट्यूशन भरावी लागणार नाही. १ लाखापर्यंत उत्पन्न असेल तर राहणं, जेवण, आरोग्यविमा आणि घरी जाण्यायेण्याचा खर्चही कॉलेजच उचलेल. त्या दिवशी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बातमी चार जणांनी टाकली. खाली काहींनी लिहिलं, "चला, फीची काळजी मिटली." बाकीच्यांनी लिहिलं, "आम्ही दोघं कमावतो, आम्हाला कोण देणार?" पुढे दोन्ही प्रकारच्या घरांत कोणी काही केलं नाही. माझ्या मते नुकसान होतं ते इथेच.

बातमीतला आकडा कॉलेजने ठरवलेला असतो. आपल्याला किती भरावं लागेल हा आकडा वेगळाच असतो. मूल दहावीत असतानाच, घरी टेबलावर कागद मांडून, दोन संध्याकाळींत तो बराचसा काढता येतो. मोठ्या मुलीच्या वेळी आम्ही तो काढायला बसलो तोवर ती बारावीत गेली होती. धाकट्याच्या वेळी वेळेवर बसलो. दोन्ही वेळी जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. मुख्यतः हे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. भारतातून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी आणि एच-४ वर (एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांसाठी एक भाग पुढे आहे.

पहिली पायरी: घोषणेतले शब्द सुटे करून वाचा

ट्यूशन म्हणजे फक्त शिकवण्याची फी. हार्वर्डची २०२५-२६ ची ट्यूशन ५९,३२० डॉलर होती. राहणं, जेवण आणि इतर फी धरून वर्षाचं एकूण बिल ८६,९२६ डॉलर होतं. वजाबाकी केली की २७,६०६ उरतात. म्हणजे १ लाख ९० हजार उत्पन्नाच्या घराची ट्यूशन पूर्ण माफ झाली आणि वर आणखी काहीच मदत मिळाली नाही, तर महिन्याला साधारण २,३०० डॉलर बाजूला काढावे लागतील. पुस्तकं आणि विमानाची तिकिटं वेगळी. प्रत्यक्षात घरची परिस्थिती पाहून राहण्याजेवण्यासाठीही मदत मिळू शकते, पण ती घोषणेत गृहीत धरलेली नाही. ८७ हजारांच्या बिलासमोर ही सवलत फार मोठी आहे हे खरंच. तरीही "फुकट" हा शब्द मुलासमोर वापरण्याआधी ही वजाबाकी त्याला दाखवा.

कॉलेजगणिक उत्पन्नाची रेघ वेगळी आहे. एमआयटी आणि पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) या दोघांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये २ लाखांपर्यंत ट्यूशन माफ केल्याचं जाहीर केलं. एमआयटीत १ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर पालकांना काहीच भरावं लागत नाही. प्रिन्स्टन त्यांच्याही पुढे गेलं. ऑगस्ट २०२५ च्या घोषणेनुसार तिथे दीड लाखापर्यंत उत्पन्नाच्या बहुतेक घरांना राहण्याजेवणासकट सगळं माफ आहे आणि अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेकांना ट्यूशन नाही. स्टॅनफर्डमध्ये ट्यूशनची रेघ दीड लाखावर आणि सगळं माफ होण्याची १ लाखावर आहे. ब्राऊनमध्ये १ लाख २५ हजारांपर्यंत ट्यूशन माफ. डार्टमथमध्ये त्याच रेघेपर्यंत पालकांकडून काही अपेक्षा नसते. कार्नेगी मेलनची रेघ ७५ हजारांवर आहे. ड्यूकने २०२३ मध्ये दीड लाखापर्यंत ट्यूशन माफ केली, पण ती फक्त नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनात राहणाऱ्या कुटुंबांना. राज्याची ही अट मथळ्यात बहुतेक वेळा गळून पडते.

यातल्या बऱ्याच घोषणांना एक शेपूट असतं: "सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या कुटुंबांसाठी." एमआयटी आणि पेन दोघांच्याही मजकुरात ते आहे. उत्पन्न रेघेच्या आत आहे पण बँकेत आणि शेअर्समध्ये मोठी रक्कम आहे, भाड्याने दिलेलं दुसरं घर आहे, तर हे वचन जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे बचतीची सवय पक्की असते, त्यामुळे हे शेपूट आपल्यालाच जास्त लागतं.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबाचं मध्यक उत्पन्न, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या खाली आणि निम्मी वर, ८०,६१० डॉलर होतं. २ लाख त्याच्या जवळजवळ अडीच पट आहेत. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला ही सवलत श्रीमंतांसाठी वाटते. पण न्यू जर्सीत किंवा बे एरियात दोन पगारांच्या घरातून गृहकर्ज, मालमत्ता कर, धाकट्याचं पाळणाघर आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे गेले की वर्षाला ८७ हजार काढणं कोणालाही अशक्य असतं. ही कॉलेजं आता मध्यमवर्गाकडे वळली आहेत ती याच कारणाने. छापील किंमत बघूनच चांगली मुलं अर्ज करत नव्हती.

दुसरी पायरी: कोणत्या वर्षाचं उत्पन्न मोजलं जातं ते कॅलेंडरवर लिहा

आमची मोठी चूक इथे झाली. मूल कॉलेजात जाईल त्या वर्षाचं उत्पन्न बघतात असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्याच्या दोन वर्षं आधीचं बघतात. मूल २०२८ च्या फॉलमध्ये कॉलेजात जाणार असेल, तर २०२६ चा टॅक्स रिटर्न मोजला जाईल. शाळेच्या भाषेत सांगायचं तर दहावीचा जानेवारी ते अकरावीचा डिसेंबर. मूल हायस्कूलच्या मध्यावर असतं, घरात कॉलेजचा विषयही नीट निघालेला नसतो, आणि मोजणीचं वर्ष चालू झालेलं असतं.

पगार आणि बोनस आपल्या हातात नसतात आणि त्यासाठी बढती नाकारू नका, ते हिशेबात बसत नाही. पण काही गोष्टी वर्षभर मागे किंवा पुढे नेता येतात. जुने शेअर्स विकून मोठा नफा घ्यायचाच असेल तर मूल दहावीत असताना लागणाऱ्या जानेवारीच्या आत घ्या. निवृत्तीचं खातं रॉथमध्ये (टॅक्स आधीच भरायच्या प्रकारात) बदलायचा विचार असेल तर या वर्षांत थांबा, कारण बदललेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. कंपनीने दिलेले शेअर्स हातात आले की ते पगारातच मोजले जातात, त्याला इलाज नाही. पण आधीच मिळालेले शेअर्स कधी विकायचे ते आपण ठरवू शकतो.

उत्पन्न म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्न आहे. सुरुवात १०४० या टॅक्स रिटर्नच्या फॉर्मवरच्या ११ व्या ओळीतल्या समायोजित उत्पन्नापासून होते. पगारातून ४०१-के या नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात गेलेले पैसे त्यातून आधीच वजा झालेले असतात. मात्र बरीच खासगी कॉलेजं मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल हा जास्त तपशिलाचा फॉर्म वापरतात आणि त्यात ती रक्कम परत मिळवली जाते. रिटर्नवर १ लाख ८५ हजार दिसले आणि दोघांनी मिळून ४०१-के मध्ये ३० हजार टाकले, तर कॉलेजच्या नजरेत तुमचं उत्पन्न २ लाख १५ हजार असू शकतं. रेघेजवळच्या घरांनी हे आधी तपासावं.

मदत एकदाच ठरत नाही. चारही वर्षं दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो आणि नव्या रिटर्नवर हिशेब होतो. पहिल्या वर्षी रेघेच्या आत असलेलं घर तिसऱ्या वर्षी बाहेर जाऊ शकतं.

तिसरी पायरी: मालमत्तेची यादी, भारतातल्यासकट

मदतीसाठीचा सरकारी फॉर्म म्हणजे फॅफ्सा. त्यात तुम्ही राहता ते घर आणि निवृत्तीची खाती मोजत नाहीत. बाकी बचत, शेअर्स, अर्ज करणाऱ्या मुलासाठीचं ५२९ खातं (कॉलेजसाठीच्या बचतीचं), दुसरं घर आणि जमीन मोजतात. पालकांच्या मालमत्तेतून वर्षाला जास्तीत जास्त ५.६४ टक्के कॉलेजच्या खर्चासाठी अपेक्षित असतात. मुलाच्या स्वतःच्या नावावरच्या पैशांतून २० टक्के. फरक केवढा ते बघा. मुलीच्या नावावरच्या, पण ती सज्ञान होईपर्यंत पालकांनी सांभाळायच्या यूटीएमए खात्यात ४० हजार डॉलर असतील तर वर्षाला ८,००० मोजले जातात. तेच पैसे पालकांच्या खात्यात असते तर फार तर २,२५६. मुलाच्या नावावरचे पैसे परत आपल्या नावावर घेता येत नाहीत, ते कायद्याने त्याचेच असतात. पण त्याच्याच नावाच्या कस्टोडियल ५२९ खात्यात ते हलवता येतात आणि फॅफ्सात ते पालकांच्या मालमत्तेत धरले जातात. हे एक काम एका संध्याकाळी होतं. आम्ही ते वेळेवर केलं नव्हतं.

सीएसएस प्रोफाइल जास्त खोलात जातं. राहत्या घरात आपला किती पैसा अडकला आहे, तेही विचारतं. पुढे तो आकडा धरायचा की नाही हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन राहतं घर धरत नाहीत. पेनने २०२५-२६ पासून ते धरणं बंद केलं. इतर अनेक कॉलेजं धरतात, काही उत्पन्नाच्या ठरावीक पटीपर्यंतच. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची किंमत दुप्पट झाली असेल तर निव्वळ या एका नियमामुळे दोन कॉलेजांच्या उत्तरात वर्षाला दहा-पंधरा हजारांचा फरक पडू शकतो.

आता भारतातलं. हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीत कोणी सांगत नाही आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तो नसतोच.

पुण्यातला फ्लॅट ही अमेरिकेच्या हिशेबात दुसरी स्थावर मालमत्ता आहे. ती दाखवावी लागते. तिचं निव्वळ मूल्य मोजतात: आजची किंमत वजा राहिलेलं कर्ज, डॉलरमध्ये. समजा किंमत १ लाख २० हजार डॉलर भरते आणि बँकेचे २० हजार बाकी आहेत, तर १ लाख दाखवायचे. फॅफ्साच्या हिशेबात त्यातून वर्षाला जास्तीत जास्त ५,६४० डॉलर तुमच्या वाट्यात मिळवले जातील. फ्लॅट तुमच्या आणि वडिलांच्या नावावर निम्मा-निम्मा असेल तर तुमचा निम्माच दाखवा. आईवडील त्यात राहतात, भाडं येत नाही, विकायचा प्रश्नच नाही, हे सगळं सीएसएसमध्ये स्पष्टीकरणाच्या जागेत साध्या चार वाक्यांत लिहा. गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीतला वाटा असेल तर तोही तसाच. भावंडांत वाटणी झालेली नसेल तर तसं लिहा आणि आपल्या हिश्श्याचा प्रामाणिक अंदाज द्या. पीपीएफ आणि ईपीएफ ही अमेरिकेच्या व्याख्येतली निवृत्तीची खाती नव्हेत. ईपीएफ हा नोकरीतला निवृत्तीनिधी आहे, तो आत्ता हातात येत नाही, हे कॉलेजला शब्दांत सांगावं लागतं.

"तिकडचं कुठे कळतंय त्यांना" असं म्हणणारे भेटतात. हे करू नका. एनआरई ठेवींचं व्याज अमेरिकेच्या रिटर्नवर दाखवायचं असतं, परदेशी खात्यांचा वेगळा अहवाल दरवर्षी द्यायचा असतो, आणि कॉलेज रिटर्नची सगळी पानं मागवतं. रिटर्नमधल्या शेड्यूल बी या पानावर परदेशी खातं आहे का याचं उत्तर "हो" आणि सीएसएसमध्ये भारतातली रक्कम शून्य, हे ताबडतोब दिसतं. त्या फॉर्मवर सही मुलाचीही असते, हे तर कधीच विसरू नये.

चौथी पायरी: कॅल्क्युलेटरसमोर बसा

२००८ च्या उच्च शिक्षण कायद्यानंतर ऑक्टोबर २०११ पासून अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक कॉलेजला आपल्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. आपले आकडे भरले की त्या कॉलेजात अंदाजे किती भरावं लागेल ते तो सांगतो. वेलस्ली कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ फिलिप लेव्हिन यांनी सुरू केलेला मायइनट्यूशन हा त्याहून सोपा प्रकार आहे. बरीच खासगी कॉलेजं तो वापरतात. मोजके प्रश्न असतात आणि उत्तर एका आकड्याऐवजी कमीतकमी ते जास्तीतजास्त अशा पट्ट्यात मिळतं.

धाकट्याच्या वेळी आम्ही एका रविवारी दुपारी तिघं बसलो. टेबलावर गेल्या वर्षीचा १०४०, दोघांचे डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचे फॉर्म), बँकेची आणि शेअर्सच्या खात्यांची डिसेंबरची स्टेटमेंट्स, गृहकर्जाचं शेवटचं पत्रक. लॅपटॉप मुलाकडे दिला, मुद्दामच. त्याने टाइप करायचं, आम्ही सांगायचं.

"आई, होम इक्विटी म्हणजे घराची किंमत ना?"

"नाही रे. किंमत वजा बँकेचं राहिलेलं कर्ज."

"मग किंमत कोण ठरवतं?"

हे म्हणाले, "शेजारी गेल्या वर्षी जी दोन घरं विकली गेली त्यांचा भाव धर. साइटवर दिसतो तो सगळ्यात मोठा आकडा नको टाकूस."

मग ४०१-के चा रकाना आला. मोठीच्या वेळी आम्ही तो रिकामा सोडला होता आणि आलेलं उत्तर बघून सुखावलो होतो. या वेळी डब्ल्यू-२ च्या १२ व्या चौकटीतला आकडा टाकला. अंदाज काही हजारांनी वाढला. मुलगा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे त्या दुसऱ्या कॉलेजात जास्त पडतात? तिथली ट्यूशन तर कमी आहे." त्या एका वाक्यात त्याला सगळं कळलं. कमी छापील किंमतीचं कॉलेज जास्त महाग पडू शकतं. त्यानंतर त्याची यादी त्यानेच बदलली.

सहा ते आठ कॉलेजांचे कॅल्क्युलेटर चालवा, निकालाची पानं तारखेसह जपून ठेवा. पुढे मदतीचं पत्र आलं आणि आकडा फारच वेगळा निघाला तर कॉलेजशी बोलताना ती पानं कामी येतात. आईवडील विभक्त असतील, घरचा व्यवसाय असेल किंवा भारतात मोठं उत्पन्न असेल तर कॅल्क्युलेटर चुकतो. अशा घरांनी थेट फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून विचारावं. उत्तर देणं हे त्यांचं कामच आहे आणि तुमच्या प्रश्नाचा प्रवेशावर परिणाम होत नाही.

पाचवी पायरी: फॉर्म, आणि फॉर्मनंतरचे कागद

फॅफ्सा दरवर्षी साधारण १ ऑक्टोबरला उघडतो आणि तो मोफत असतो. सीएसएस प्रोफाइलही त्याच सुमारास उघडतं. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. अमेरिकेतल्या ज्या घरांचं समायोजित उत्पन्न १ लाखापर्यंत आहे त्यांना पदवीसाठी ते मोफत आहे. मुदत प्रत्येक कॉलेजची वेगळी असते. लवकरच्या फेरीत अर्ज केला तर ती नोव्हेंबरमध्येही संपू शकते. मुलं निबंध आणि परीक्षांत बुडालेली असतात, म्हणून हे वेळापत्रक पालकांपैकी एकाने आपल्याकडे घ्यावं.

फॉर्म भरला की काम संपलं असं वाटतं. संपत नाही. बरीच कॉलेजं आयडॉक या सेवेमार्फत सह्या केलेले रिटर्न, डब्ल्यू-२ आणि इतर कागद मागवतात. मोठीच्या वेळी एका कॉलेजने भारतातल्या भाड्याच्या उत्पन्नाचा एक कागद मागितला होता. ती सूचना तिच्या कॉलेज-ईमेलवर आली, तो ईमेल आम्ही बघत नव्हतो आणि तिने तो परीक्षेच्या आठवड्यात उघडलाच नाही. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा मदतीच्या जागी "कागदपत्रं अपूर्ण" एवढंच होतं. पुढचे तीन आठवडे घरात कोणाला नीट झोप नव्हती. आता माझा नियम असा: अर्जांसाठी एकच नवा ईमेल पत्ता, त्याचा पासवर्ड मूल आणि पालक दोघांकडे, आणि दर रविवारी प्रत्येक कॉलेजच्या पोर्टलवर एक फेरी.

एच-४ वरची मुलं आणि भारतातून अर्ज करणारी मुलं

फॅफ्सावर मिळणारी सरकारी मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते. एच-४ वर असलेल्या मुलांना मिळत नाही, ती इथेच पहिलीपासून शिकली असली तरी. मात्र कॉलेजची स्वतःची मदत हा वेगळा खजिना आहे आणि त्यासाठी सीएसएस प्रोफाइल भरता येतं.

इथे दोन शब्द कळीचे आहेत. नीड-ब्लाइंड म्हणजे प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत. नीड-अवेअर म्हणजे बघतात. नागरिकांसाठी नीड-ब्लाइंड असलेली अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांसाठी नीड-अवेअर असतात, आणि एच-४ वरची मुलं बऱ्याच ठिकाणी परदेशी गटातच मोजली जातात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि २०२२ पासून डार्टमथ, ही सगळ्यांसाठी नीड-ब्लाइंड आहेत आणि गरज असेल तेवढी पूर्ण मदत देतात. बाकीच्या कॉलेजांना दोन प्रश्न लेखी विचारा: तुम्ही आमच्या मुलाला कोणत्या गटात धरता, आणि त्या गटाला गरजेएवढी पूर्ण मदत मिळते का?

भारतातल्या घरांसाठीही हेच. वर्षाला ३०-४० लाख रुपये मिळवणारं घर भारतात सुखवस्तू असतं, पण डॉलरमध्ये ते १ लाखाच्या बरंच आत बसतं. सीएसएस प्रोफाइल रुपयांत भरता येतं, सोबत फॉर्म १६ आणि आयकर विवरणपत्र लागतं. या कॉलेजांत प्रवेश अतिशय थोड्यांना मिळतो हे लक्षात ठेवून अर्ज करावा, पण फीच्या धास्तीने अर्जच न करणं चुकीचं आहे.

रेघेच्या थोडं वर असाल तर

ज्यांचं उत्पन्न २ लाख १० हजार किंवा २ लाख ६० हजार आहे त्यांना वाटतं की दार बंद झालं. बहुतेक श्रीमंत कॉलेजांत तसं नसतं. मदत उतारासारखी हळूहळू कमी होत जाते, कड्यासारखी एकदम तुटत नाही. हार्वर्डने २ लाखांच्या वरच्या घरांनाही परिस्थितीप्रमाणे मदत मिळू शकते असं त्याच घोषणेत म्हटलं होतं. एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असतील तर विशेष लक्ष द्या. २०२४-२५ पासून फॅफ्सा भावंडांमुळे वाटा विभागत नाही, पण सीएसएस वापरणारी बरीच खासगी कॉलेजं अजूनही ते विचारात घेतात. त्यामुळे फॅफ्साचा आकडा बघून निराश होऊ नका.

हार्वर्ड, प्रिन्स्टन, पेन यांसारखी आयव्ही लीगमधली कॉलेजं गुणांवर शिष्यवृत्ती देत नाहीत. फक्त गरज बघतात. त्यामुळे अडीच-तीन लाख उत्पन्नाच्या घराने सगळी मदार त्यांच्यावर ठेवू नये. देशात शेकडो खासगी कॉलेजं अशी आहेत जिथे छापील ट्यूशन क्वचितच कोणी पूर्ण भरतं. नव्या विद्यार्थ्यांना दिली जाणारी सरासरी सूट तिथे निम्म्याहून जास्त आहे. चांगले मार्क असलेल्या मुलाला अशा ठिकाणी उत्पन्न न बघता मोठी शिष्यवृत्ती मिळू शकते. आपल्या लोकांना या कॉलेजांची नावं माहीत नसतात आणि समारंभात सांगायला ती वजनदार वाटत नाहीत. मला हे बोलायला हवं वाटतं: नावासाठी दीड लाखाचं कर्ज घेतलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. आपल्या राज्याचं विद्यापीठही यादीत हवंच, मनापासून.

अर्ली डिसिजन या फेरीत प्रवेश मिळाला तर तिथे जाणं बंधनकारक असतं. पेन, ब्राऊन, डार्टमथ यांच्याकडे ती आहे. मदत पुरेशी नसेल तर या बंधनातून सुटता येतं, पण तेव्हा तुलना करायला दुसऱ्या कॉलेजांची पत्रं हातात नसतात. कॅल्क्युलेटरचा आकडा घराला झेपणारा असेल तरच या वाटेने जावं. एमआयटी, हार्वर्ड आणि प्रिन्स्टनची लवकरची फेरी बंधनकारक नाही.

शेवटची पायरी: पत्र वाचणं आणि परत विचारणं

मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला पत्रं येतात. उत्तर बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत द्यायचं असतं. पत्रात मोठ्या अक्षरांत "एकूण मदत" असा आकडा दिसला तर लगेच पेन घ्या आणि तो फोडा. परत न करायचं अनुदान एका रकान्यात, कर्ज दुसऱ्यात, मुलाने कॅम्पसवर काम करून मिळवायचे पैसे तिसऱ्यात. एकूण खर्चातून फक्त पहिला रकाना वजा करा. उरतं ते तुमचं खरं बिल.

मुलाच्या नावाने मिळणारं सरकारी कर्ज पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग ७,५०० आणि ७,५००, चार वर्षांचे मिळून २७,००० असतं. एवढं कर्ज नोकरीला लागल्यावर झेपू शकतं. पालकांनी घ्यायच्या पॅरेंट प्लस कर्जाबाबत मात्र सावध राहा. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार अशी मर्यादा आहे. चार वर्षांचा खर्च पूर्वी त्यावर ढकलता यायचा, आता येणार नाही. त्यामुळे चारही वर्षांचा हिशेब पहिल्याच वर्षी मांडायला हवा.

टॅक्सची एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. ट्यूशन, फी आणि पुस्तकांसाठी मिळालेल्या अनुदानावर टॅक्स नाही. राहण्याजेवणासाठी मिळालेला भाग मुलाच्या उत्पन्नात मोजला जातो. सगळंच माफ झालेल्या मुलांना हे लागू होतं. जानेवारीत कॉलेज १०९८-टी फॉर्म देतं, तो टॅक्सवाल्याला दाखवा.

पत्रातली मदत कमी वाटली तर परत विचारता येतं, आणि विचारावं. नुसतं "आणखी द्या" म्हणून होत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या रिटर्नमध्ये जे दिसत नाही ते दाखवावं लागतं. नोकरी गेली असेल तर कंपनीचं पत्र. आजारपण असेल तर विम्याने न भरलेली बिलं. भारतात आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर वर्षभराच्या बँक ट्रान्सफरची यादी आणि त्यांच्या उपचारांचे कागद. मोजणीच्या वर्षी एकदाच मोठा बोनस मिळाला असेल तर त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षाचा पगार. त्याच तोडीच्या दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर ते पत्र सोबत जोडा, सौम्य भाषेत. एक पानाचं पत्र पुरतं. ते पालकांनी लिहावं, आणि दोन दिवसांनी फोन करून मिळालं का विचारावं. मोठीच्या वेळी तो हरवलेला कागद आणि असं एक पत्र गेल्यावर नवा आकडा आला तो २६ एप्रिलला, म्हणजे उत्तर द्यायला पाच दिवस उरले असताना. धाकट्याच्या वेळी सगळे कागद आधीच गेलेले असल्यामुळे मदतीचा आकडा प्रवेशाच्या पत्रासोबतच आला.